फाइल यादीत दिसते, पण उघडत नाही: ड्रायव्हरमधली नावांची तुलना आणि आपलं देवनागरी

खडूफळा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस (फाइली डिस्कवर मांडण्याची जुनी पद्धत, म्हणजे फाइल सिस्टिम) डिस्क लिनक्सवर वाचण्यासाठी मी फ्यूज (कर्नलबाहेरून फाइल सिस्टिम चालवण्याची सोय) वापरून एक छोटा ड्रायव्हर लिहितोय. फक्त वाचणारा, लिहिणारा नाही. लिनक्स कर्नलमध्ये या फाइल सिस्टिमचा ड्रायव्हर आहेच, पण खराब सेक्टर असलेल्या डिस्कवरून जेवढं निघेल तेवढं काढायचं तर कॅटलॉग (डिस्कवरच्या फाइलींची मुख्य यादी) आपल्या ताब्यात असलेला बरा. या डिस्क एका छोट्या प्रकाशनाच्या आहेत आणि त्यावरची जवळपास सगळी नावं मराठीत.

मुद्दा असा. 'दऱ्या' नावाचा एक फोल्डर आहे. एलएस (यादी दाखवण्याची आज्ञा) केलं की तो यादीत दिसतो. तेच नाव कीबोर्डवरून टाइप करून आत जायला गेलं की उत्तर येतं, असं काही नाही. यादी दाखवणारा कोड आणि नाव शोधणारा कोड वेगवेगळ्या वाटांनी जातात, हे यामागचं कारण. यादी करताना कॅटलॉगच्या बी-ट्रीची (नावं क्रमाने लावून ठेवणाऱ्या झाडासारख्या रचनेची) पानं एकापाठोपाठ एक वाचत जायचं, तिथे तुलना करावीच लागत नाही. नाव शोधताना मात्र वरून खाली उतरायचं, झाडाच्या प्रत्येक नोडमध्ये (टप्प्यावर) 'माझं नाव याच्या आधी की नंतर?' असं विचारत. त्या प्रश्नाचं उत्तर डिस्क लिहिणाऱ्या मॅकने दिलं असतं त्याहून एका ठिकाणी जरी वेगळं आलं, तरी आपण चुकीच्या फांदीवर उतरतो. वर्णक्रम बदललेल्या शब्दकोशात शब्द शोधण्यासारखं होतं हे: शब्द छापलेला असतो, पण आपण ते पान उघडतच नाही.

हेक्समध्ये, म्हणजे डिस्कवरचे कच्चे आकडे, पाहिलं तर चित्र स्वच्छ आहे. आपण टाइप करतो ते नाव पाच संकेतांचं (संकेत म्हणजे युनिकोडने प्रत्येक चिन्हाला दिलेला क्रमांक): द, ऱ, हलन्त, य, काना. यातला ऱ म्हणजे यू+०९३१, एकच संकेत. डिस्कवर सहा आहेत: द, र, नुक्ता (अक्षराखालचं टिंब), हलन्त, य, काना. एचएफएस प्लस १९९८ साली मॅक ओएस ८.१ सोबत आली तेव्हाच अ‍ॅपलने ठरवलं होतं की नावं यूटीएफ-१६ मध्ये (संकेत १६ बिटांच्या तुकड्यांत लिहिण्याची पद्धत) आणि फोड केलेल्या रूपात, म्हणजे साधारण एनएफडीत, साठवायची. म्हणून ऱ चा र आणि नुक्ता झाला. शोधण्याआधी मीही तशीच फोड करायला लागलो आणि फोल्डर उघडला.

आता मोठा प्रश्न. फोड झाली, लहान-मोठी अक्षरं एक धरणं झालं, पण 'दोन नावं एकच' हे नेमकं कुणाच्या नियमाने ठरवायचं? युनिकोडच्या ताज्या तक्त्याने? आयसीयू (युनिकोडची लायब्ररी) जोडून? की यादी मराठी वर्णक्रमाने दाखवायची असेल तर तोच क्रम तुलनेतही आणायचा? इथे फाइल सिस्टिममध्ये हात घातलेले बरेच जण आहेत, म्हणून धागा काढतोय.

कर्नलकाका

छान विषय काढलात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण त्यावर बाकीचं सगळं उभं आहे: ताजा तक्ता अजिबात नको.

ड्रायव्हरमधली तुलना ही तुमच्या प्रोग्रामची मालमत्ता नसते, ती डिस्कच्या फॉरमॅटचा भाग असते. नोडमध्ये नावं ज्या क्रमाने बसवली आहेत त्याच क्रमाने ती शोधली पाहिजेत, मग तो क्रम आजच्या युनिकोडच्या दृष्टीने चूक असला तरी. अ‍ॅपलच्या टेक्निकल नोट ११५० मध्ये तुलनेचं फंक्शन आणि लहान अक्षरांचा तक्ता पूर्ण छापलेला आहे. तो जसाच्या तसा उतरवून घ्या. लिनक्समध्ये एचएफएस प्लसच्या फोल्डरात असाच गोठवलेला तक्ता एका वेगळ्या फाइलीत ठेवलेला आहे.

जॉर्जियन लिपीचं उदाहरण घ्या, तिच्यात असोमतावरुली, नुसखुरी आणि मखेद्रुली अशी तीन अक्षररूपं आहेत. त्या जुन्या तक्त्यात असोमतावरुली अक्षरांची लहान जोडी मखेद्रुली धरली आहे, कारण तेव्हा युनिकोडमध्ये तसंच होतं. २००५ च्या युनिकोड ४.१ मध्ये नुसखुरी अक्षरं आली आणि जोडी तिकडे गेली. पुढे २०१८ ला युनिकोड ११ मध्ये मखेद्रुलीला स्वतःची मोठी अक्षरं मिळाली. आता तुम्ही सी लायब्ररीचं किंवा आयसीयूचं 'लहान अक्षर करा' हे फंक्शन वापरलंत, तर एखादी जॉर्जियन डिस्क आज एका मशीनवर नीट चालेल आणि दुसऱ्यावर निम्म्या फाइली हरवल्यासारख्या वाटतील. डिस्क तीच, फक्त लायब्ररीची आवृत्ती वेगळी.

आणखी एक. तुलनेची पद्धत व्हॉल्यूमवरच (डिस्कच्या त्या विभागावरच) लिहिलेली असते. मॅक ओएस टेन १०.३ पासून एचएफएसएक्स नावाचा प्रकार आला, त्यात लहान-मोठं वेगळं धरता येतं. कॅटलॉगच्या हेडरमध्ये एक बाइट सांगतो की इथे तक्त्याने तुलना करायची की सरळ आकड्यांनी. तो वाचल्याशिवाय शोधाला हात घालू नका.

सह्यवारा

काकांना +१. विंडोजच्या एनटीएफएसने हेच तत्त्व जास्त सरळपणे पाळलंय असं मला वाटतं. तिथे मोठ्या अक्षरांचा अख्खा तक्ता व्हॉल्यूमवरच एक फाइल म्हणून ठेवलेला असतो. एमएफटीतली (फाइलींच्या मुख्य तक्त्यातली) १० क्रमांकाची नोंद, नाव अपकेस. ६५,५३६ नोंदी, प्रत्येकी २ बाइट, म्हणजे बरोबर १२८ केबी. व्हॉल्यूम फॉरमॅट करताना तो लिहिला जातो आणि पुढे ड्रायव्हरने त्यालाच प्रमाण मानायचं. विंडोज बदललं, युनिकोड बदललं, तरी त्या डिस्कवरचा क्रम हलत नाही. एक्सफॅट या फाइल सिस्टिममध्येही असाच तक्ता असतो, सोबत त्याचा चेकसमसुद्धा (तपासणीचा आकडा).

फोड किंवा जोड मात्र एनटीएफएस करतच नाही. तुमचा 'दऱ्या' पाच संकेतांचा आणि सहा संकेतांचा असे दोन फोल्डर तिथे शेजारी शेजारी नांदतील, दिसायला हुबेहूब.

तक्त्याची मर्यादा कुठे येते तेही सांगतो, कारण त्यात आपली मोडी आहे. मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ ला आली, ७.० आवृत्तीत, आणि ती यू+११६०० पासून पुढे आहे. यूटीएफ-१६ मध्ये अशा अक्षराला दोन तुकडे लागतात, आणि तक्ता एकेका तुकड्याचा असल्यामुळे जोडीकडे पाहतच नाही. मोडीत लहान-मोठं अक्षर नसल्याने तिथे बिघडत काही नाही. पण क्रम बघा. तुकड्यांचे आकडे डी८०० ते डीएफएफएफ मध्ये पडतात, म्हणून यूटीएफ-१६ च्या हिशोबाने मोडी नाव हे पूर्ण रुंदीच्या रोमन अक्षरांच्या (एफएफ२१ वगैरे) आधी येतं. यूटीएफ-८ करून बाइटवार तुलना केली तर नंतर येतं. खडूफळा, तुम्ही नावं आधी यूटीएफ-८ करून मग तुलना करत असाल तर तसं करू नका. डिस्कवर ज्या एककात नावं आहेत त्याच एककात तुलना करा.

टंकलेखक

मी प्रोग्रामर नाही, डीटीपीच्या कामात अनेक वर्षं आहे. वर 'ऱ' चा उल्लेख वाचला म्हणून विचारतो. आमच्याकडे 'ऱ्य' दोन प्रकारे टाइप झालेला सापडतो. काही कीबोर्डवर ऱ + हलन्त + य. काही जुन्या कीबोर्डवर साधा र + हलन्त + मग न दिसणारा जोडक (झेडडब्ल्यूजे) + य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शोध घेताना त्रास होतो हे माहीत आहे, पण फाइलच्या नावात हे आलं तर तुमचे ड्रायव्हर काय करतात?

खडूफळा (धागाकर्ता)

टंकलेखक, तुम्ही नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. हे मी आत्ताच तीन नावं घेऊन तपासलं.

पहिलं नाव, डोंगरातल्या दऱ्या, ऱ वापरून. दुसरं, त्याच दऱ्या, पण र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे वापरून. तिसरं नाव 'दर्या', म्हणजे समुद्र: र, हलन्त, य, मध्ये काही नाही.

मराठी वाचणाऱ्याला विचाराल तर पहिलं आणि दुसरं एकच, तिसरं वेगळं. एचएफएस प्लस नावांची तुलना करते तेव्हा बरोबर उलटं होतं. त्या तक्त्यात काही संकेतांपुढे शून्य लिहिलंय, म्हणजे तुलनेत ते नसल्यासारखेच धरायचे. यू+२००सी ते यू+२००एफ हे सगळे त्यात आहेत, आणि झेडडब्ल्यूजे आहे यू+२००डी. तुलनेचं फंक्शन दोन्ही नावांतून एकेक संकेत उचलतं, शून्य आला की पुढचा घेतं. म्हणून दुसऱ्या नावातला झेडडब्ल्यूजे गळतो आणि उरतं ते तिसरं नाव. डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्र एक झाले. पहिल्या नावात नुक्ता आहे, तो गळत नाही, म्हणून ते दोघांपासून वेगळं राहिलं.

अशा व्हॉल्यूमवर 'आचार्यास' नावाची फाइल असेल आणि कुणी जुन्या कीबोर्डवरून 'आचाऱ्यास' नावाची फाइल तिथे कॉपी केली, तर नवी फाइल तयार होणार नाही. पहिलीचा मजकूर जाईल. इंग्रजीत हा संकेत खरोखरच निरर्थक असेल. आपल्याकडे तो शब्द बदलतो. 'न दिसणारी अक्षरं वगळा' हा नियम ठरवताना मराठीसारख्या लिप्यांचा विचार कमी पडला, असं माझं स्पष्ट मत आहे.

रानवाट

अवांतर नाही, विषयातलंच: नुक्ता आणि हलन्त यांचा क्रम उलटा टाइप झाला तर? म्हणजे र, हलन्त, नुक्ता?

खडूफळा (धागाकर्ता)

नुक्त्याचा संयोग-वर्ग (जोडचिन्हांचा क्रम ठरवणारा आकडा) ७ आणि हलन्ताचा ९, त्यामुळे प्रमाणीकरण (नाव एका ठरलेल्या रूपात आणणं) करताना नुक्ता पुढे येतो आणि दोन्ही नावं एकच होतात. हे नीट चालतं.

जे चालत नाही तेही इथेच सांगतो: 'ॲप' आणि 'अॅप'. पहिल्यात ॲ हा एकच संकेत आहे, यू+०९७२, जो युनिकोडमध्ये २००८ साली आला. दुसऱ्यात अ आणि त्यावर चंद्र वेगळा. पडद्यावर फरक कळत नाही, पण युनिकोडने ॲ ला फोडच दिलेली नाही. त्यामुळे एनएफसी (जोडलेलं रूप), एनएफडी (फोडलेलं रूप) काहीही करा, ही दोन नावं कधीच एक होत नाहीत. कुठल्याही फाइल सिस्टिममध्ये नाही.

कर्नलकाका

झेडडब्ल्यूजेच्या नियमाने सुरक्षेचा घोळही झालेला आहे. डिसेंबर २०१४ मध्ये गिट या, प्रोग्रामचे बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनातली एक मोठी त्रुटी जाहीर झाली. गिट स्वतःची माहिती ज्या छुप्या फोल्डरात ठेवतं, त्याच्या नावात मध्येच एक न दिसणारा संकेत घातलेला फोल्डर कुणी रिपॉझिटरीत (गिटच्या प्रकल्पसाठ्यात) टाकला, तर गिटला ते नाव वेगळं वाटायचं आणि एचएफएस प्लसला तेच वाटायचं. मॅकवर ती रिपॉझिटरी नुसती उतरवून घेतली की हल्लेखोराची कॉन्फिग फाइल खऱ्या फोल्डरात जाऊन बसायची आणि पुढे त्याची आज्ञा चालायची. विंडोजवर त्याचीच दुसरी रूपं होती. २.२.१ आवृत्तीत दुरुस्ती आली. दोन थरांची 'समान'ची व्याख्या वेगळी असली की असं होतं.

आता लिनक्सचं ऐका. ईएक्सटी४ ही तिथली नेहमीची फाइल सिस्टिम मूळची बाइटवार तुलना करते, तुमची तिन्ही नावं तिथे वेगळी राहतात. पण २०१९ मध्ये, लिनक्स ५.२ पासून, फोल्डरवार लहान-मोठं एक धरण्याची सोय आली. फोल्डर रिकामा असतानाच त्या सोयीचा झेंडा (खूण) लावता येतो, आणि युनिकोडची कोणती आवृत्ती धरली ते सुपरब्लॉकमध्ये (फाइल सिस्टिमच्या मुख्य नोंदीत) लिहून ठेवतात. फ्लॅश मेमरीसाठीच्या एफटूएफएस या फाइल सिस्टिमलाही हीच सोय मिळाली. अँड्रॉइड फोनमध्ये फोटो, गाणी, डाउनलोड जिथे राहतात तिथे नव्या फोनवर हीच यंत्रणा असते, म्हणजे हा विषय आपल्या खिशातला आहे. त्यातही तुलनेआधी न दिसणारे संकेत गाळले जातात, म्हणून दऱ्या आणि दर्या यांची टक्कर तिथेही होते.

२०२४ मध्ये हे गाळणं बंद करण्याचा बदल कर्नलमध्ये गेला. हेतू चांगला होता, सुरक्षेचाच. पण या फोल्डरांमध्ये नाव शोधताना नावाचा हॅश (नावावरून काढलेला आकडा) वापरतात, आणि तो हॅश गाळलेल्या नावावरून काढून डिस्कवर ठेवलेला होता. लाल बदामाच्या इमोजीत मागे एक न दिसणारा संकेत असतो, यू+एफई०एफ. जुना हॅश तो वगळून, नवा हॅश तो धरून. झालं, इमोजीवाल्या नावांच्या फाइली यादीत दिसायच्या आणि उघडायच्या नाहीत. धाग्याच्या शीर्षकात आहे तेच. डिसेंबर २०२४ मध्ये तो बदल मागे घेतला गेला. म्हणून खडूफळा, तुमचं मत पटत असलं तरी नियम चूक आहे म्हणून ड्रायव्हरमध्ये तो सुधारायला जाऊ नका. झेडडब्ल्यूजे गाळणाऱ्या डिस्कवर तो गाळायचाच.

सह्यवारा

मागे घेणं योग्यच होतं. झेडएफएस या फाइल सिस्टिममध्ये प्रमाणीकरणाची निवड डेटासेट (तिचा एक विभाग) तयार करतानाच करावी लागते आणि नंतर बदलता येत नाही, त्याचं कारण हेच.

विदाघर

डेटाबेसवाल्याकडून याला जोडून एक. शेवटचा प्रश्न होता की मराठी वर्णक्रम तुलनेतच आणावा का. आमच्याकडे नेमकं तेच करून हात पोळले आहेत. पोस्टग्रेस (एक डेटाबेस) मजकुराचा इंडेक्स (शोधसूची) लावताना सी लायब्ररीचा वर्णक्रम वापरू शकतं. २०१८ च्या जीलिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) २.२८ मध्ये तो क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. ज्यांनी ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड केली आणि इंडेक्स पुन्हा बांधले नाहीत, त्यांच्याकडे नोंदी टेबलात असूनही इंडेक्समधून सापडेनात, आणि जिथे एकच नोंद हवी तिथे दोन शिरल्या. तुमच्या बी-ट्रीला आणि आमच्या बी-ट्रीला एकच आजार.

म्हणून डिस्कवरचा क्रम कितीही कुरूप असो, त्याला हात लावू नये. माणसाला दाखवायचा क्रम वरच्या थरात, दाखवण्याच्या क्षणी लावावा. तो बदलला तरी काही हरवत नाही.

आणि दाखवताना तो खरोखर लावावा, ही विनंती. संकेतांच्या आकड्यांनी लावलेली मराठी यादी वाचवत नाही. ळ चा आकडा ल आणि व यांच्या मधला आहे, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. क्ष आणि ज्ञ आपण शेवटी शोधतो, आकड्यांनी ते क आणि ज मध्ये जातात. सगळ्यात वाईट ॲ. त्याचा आकडा देवनागरी अंकांच्याही पुढचा, म्हणून 'ॲडव्हान्स' ही फाइल 'हिशोब' च्या खाली, '२०२३' च्याही खाली जाऊन बसते. लेखापालाने ती स्वरांमध्ये शोधली तर सापडणार कशी? सीएलडीआरमध्ये (युनिकोडच्या भाषावार माहितीच्या संचात) मराठीचे वर्णक्रमाचे नियम आहेत, आयसीयू ते वापरतं. तुमच्या फाइल बाहेर काढणाऱ्या साधनात यादी छापताना ते जोडा. ड्रायव्हरमध्ये नको.

खडूफळा (धागाकर्ता)

विदाघर, पोस्टग्रेसचं उदाहरण फार उपयोगी. ठरलं मग: आत टेक्निकल नोटमधला तक्ता, जसाच्या तसा, यूटीएफ-१६ मध्येच. यादी देताना नावं एनएफसी करून द्यायची, म्हणजे ऱ पुन्हा एक संकेत होईल. कर्नलचा ड्रायव्हरही नावं जोडूनच देतो. क्रम लावणं वेगळ्या साधनात.

फाइली बाहेर काढून ठेवायला साधा ईएक्सटी४ फोल्डर वापरतोय, लहान-मोठ्याचा झेंडा न लावलेला. तिथे एक नवी अडचण आली. लेखांची पूर्ण शीर्षकंच फाइलीला दिलेली आहेत आणि काही नावं 'खूप लांब' म्हणून नाकारली जाताहेत.

कर्नलकाका

एचएफएस प्लसची मर्यादा यूटीएफ-१६ च्या २५५ एककांची, ईएक्सटी४ ची २५५ बाइटची. देवनागरीचा प्रत्येक संकेत यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातो, म्हणजे तिथे ८५ संकेत मावतात. काना, मात्रा, हलन्त, सगळे त्यात मोजायचे. एनएफसी केल्याने ऱ मागे ३ बाइट वाचतात, पण तेवढ्याने भागणार नाही.

नाव कापावं लागेल. कापताना बाइट मोजून मध्येच तोडू नका, नाहीतर अर्धवट संकेत राहील आणि नाव वाचताच येणार नाही. अक्षर आणि त्याची मात्रा यांच्या मध्येही नको, हलन्तानंतरही नको. पूर्ण जोडाक्षराच्या सीमेवर थांबा. कापल्यावर दोन नावं सारखी होऊ शकतात, 'भाग १' आणि 'भाग २' शेवटीच असतात ना. म्हणून कापलेल्या नावामागे कॅटलॉगमधला फाइलचा क्रमांक जोडा, तो त्या व्हॉल्यूमवर एकमेव असतो. एक्स्टेन्शनसाठी जागा आधी राखून ठेवा. आणि मूळ पूर्ण नाव, डिस्कवर होतं त्याच फोड केलेल्या रूपात, एका वेगळ्या मजकूर फाइलीत क्रमांकासमोर लिहून ठेवा.

टंकलेखक

ती मजकूर फाइल प्रकाशनाला नक्की द्या. त्यांच्या अनुक्रमणिकेशी नावं जुळवायला तीच लागेल. ती जुळवताना दोन्ही प्रकारचे 'ऱ्य' शोधायला त्यांना सांगा. एकाच लेखात दोन्ही सापडतात.